किल्ली फिरवण्याआधी तीन पाढे

परशा,

तुझी गाडी बघायला आज माणूस येऊन गेला. पुण्याचा. काय ठरलं ते शेवटी सांगते. आधी आपलं भांडण अर्धवट राहिलंय ते पुरं करून घेते, कारण तू मध्येच उठून गेलास. तुझी ही खोड जुनीच. मी बोलायला लागले की पाना उचलायचा आणि शेडकडे चालू लागायचं. या वेळी जरा लांब गेलास, एवढंच.

दमले रे मी. महिना झाला. लोक येतात, ओसरीवर बसतात, "अक्का, जेवलीस काय?" म्हणून विचारतात. मी "व्हय" म्हटलं की त्यांचं काम संपतं आणि ते उठतात. गॅरेजपुढे अजून ट्रक थांबतात. ड्रायव्हर खाली उतरतो, बंद शटर बघतो, मग माझ्याकडे बघतो. मी हातानेच नाही म्हणते. तेवढं सांगायचाही कंटाळा आलाय. जन्मभर शाळेत ओरडून ओरडून घसा कधी दुखला नाही, आता कुणाशी चार वाक्यं बोलले तरी पडून राहावंसं वाटतं.

तर गाडी. ती आपल्या दारात आली त्याला एकोणीस वर्षं झाली. बेळगावच्या त्या कारखानदाराने कुठल्याशा लिलावात घेतलेली, दोन दारांची, बुटकी, चांदीच्या रंगाची परदेशी गाडी. गोव्याला जाताना अनमोडच्या चढाला धूर ओकून बसली आणि ट्रकला बांधून आपल्या रामनगरात आली. मालक म्हणाला, आठ दिवसांत नेतो. आठ दिवसांचे दोन पावसाळे झाले, मालकच गेला, आणि त्याच्या मुलांनी "मेस्त्री, आम्हाला नको ते धूड, तुम्हीच ठेवा" म्हणून कागद तुझ्या नावावर करून दिले. त्या दिवशी तू पेढे वाटलेस. लोकांना वाटलं तुझं लग्न ठरलं. मला विचारायला आले, मुलगी कुठली म्हणून.

नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हा तू गॅरेज नुकतं टाकलं होतंस. लग्नाचं नाव तू कधी काढलं नाहीस आणि मीही जोर केला नाही. हे तुला कधी सांगितलं नाही, पण मला बरं वाटायचं की तू आहेस. माझ्यासाठी राहिलास की त्या गाडीसाठी, हे विचारायची मात्र हिंमत झाली नाही. उत्तर ठाऊक असल्यासारखं वाटायचं.

सात वर्षं घालवलीस तू तिला उभी करायला. एका चकतीसाठी मुंबईच्या खेपा, एका रबरासाठी कुणाकुणाला फोन. मग एका रविवारी ती सुरू झाली. शेडमधून बाहेर काढलीस, अनमोडपर्यंत जाऊन आलास, आणि दारात येऊन आतच बसून राहिलास. इंजिन चालू, तू आत, मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. मी ओरडले, "अरे, बंद कर की ते! पेट्रोल काय विहिरीतून येतंय?" तू काच खाली करून म्हणालास, "अक्का, दोन मिनटं थांब की. हिच्यात टर्बो हाय."

मग जेवताना मला शिकवायला बसलास. इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा असतो म्हणे, तोच इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून ती गाडी आधी शिट्टी घालते आणि मग पाठीत धक्का मारते. पळून आली की तो पंखा लालबुंद झालेला असतो. तशीच बंद केली की तेल थांबतं, जागच्या जागी जळतं, आणि पंखा कायमचा जातो. म्हणून आल्यावर दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. "पळून आलेल्या बैलाला लगेच पाणी दावतोय काय आपण?" म्हणालास. मी म्हटलं, बैल पेट्रोल पीत नाही. तू हसलास आणि आणखी भात मागितलास.

पण तुझ्या हाताला घड्याळ नाही. ग्रीसमध्ये बुडतं म्हणून तू ते कधी बांधलंच नाहीस. मग दोन मिनिटं मोजायची कशी? तर पाढे म्हणून. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, सावकाश, मोठ्याने, शाळेतल्यासारखे. तीन पाढे झाले की किल्ली फिरवायची. बाकीचं जग मोबाइलवर वेळ बघतं, आणि माझा भाऊ त्या लाखमोलाच्या गाडीत बसून "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न" करतोय. रस्त्यावरचे लोक थांबून ऐकायचे. मला लाज वाटायची आणि हसूही यायचं.

हे पाढे मीच तुला शिकवले होते. मी सातवीत, तू पहिलीत. लहानपणी तुला तम्मा म्हणायचे मी, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं, आठवतंय? तू गॅरेज टाकलंस तेव्हा चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून सोडून दिलं. विहिरीच्या कठड्यावर तुला बसवून पट्टी हातात घेऊन मी पाढे घेतले. सगळे आले तुला, एक सोडून. एकोणतीस सत्ते आलं की तू दोनशे चार म्हणायचास. किती पट्ट्या खाल्ल्यास! तरी दोनशे चार. आणि पन्नाशी उलटल्यावर, गाडीत बसूनसुद्धा दर रविवारी तेच. "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, एकोणतीस सत्ते दोनशे चार..." आणि मी खिडकीतून, हातात लाटणं असो की उलथणं, ओरडायचे, "दोनशे तीन! गाढवा, दोनशे तीन!" मग तू "व्हय व्हय, तीन" म्हणून पुढे जायचास. आपलं भांडण होईपर्यंत बारा वर्षं एक रविवार चुकला नाही.

माझी शिकवायची रीत तुला ठाऊक आहे. चुकलं की ओरडायचं, बरोबर असलं की गप्प बसायचं. मुलं सुधारतात त्याने. सगळ्या शाळेला मी तसंच शिकवलं, आणि तुलाही तसंच वागवत आले.

उळवीच्या जत्रेचं आठवतंय का? "चल अक्का, तुला देवाला घेऊन जातो" म्हणालास. मी नवं लुगडं नेसले. त्या सीटवर बसले कसली, पडलेच. रस्ता माझ्या कमरेच्या वर दिसत होता. पुढे बैलगाड्यांची रांग, धारवाडकडचे लोक, शिंगांना गोंडे, आणि मध्ये आपण चालत्या माणसाच्या वेगाने. तुझा जीव कासावीस, गाडी तापेल म्हणून. देवळापाशी पोचल्यावर मला काही उठता येईना. तू ओढतोयस, मी हसतेय, शेवटी दोन गाडीवानांनी मला हाताला धरून बाहेर काढलं आणि कानडीत काहीतरी म्हणाले. ते तू मला कधी नीट सांगितलं नाहीस, आणि मलाही कानडी येतं हे विसरलास. म्हातारीला डब्यात भरून आणलंय, असं म्हणाले होते ते.

परतताना गुंद गावापाशी ती फुस्स झाली. पंख्याकडून येणारी हवेची नळी फाटली होती. आपण एका कुणब्याच्या अंगणात जाऊन बसलो. घरच्या म्हातारीने आपल्याला भात आणि कंदाची भाजी वाढली आणि गाडीभोवती एक फेरी मारून मला विचारलं, "बाय, ही अशी बसल्याली कशी? पाय मोडलाय काय तिचा?" तिच्या मुलाने पडवीतल्या सायकलची जुनी ट्यूब दिली. तू ती पट्टी पट्टी कापून नळीला आवळलीस आणि त्या ट्यूबवर आपण घरी आलो. पुढे नवी नळी मिळत होती, तरी तू बदलली नाहीस. म्हणायचास, हीच बरी हाय. मी तेव्हाही तुला मूर्ख म्हटलं. खरं तर तो माझ्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता. तेही सांगायचं राहिलं.

आता भांडणाचं. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, ऑपरेशन लांबवू नका. तू म्हणालास, "बघू." बसमध्ये म्हणालास बघू, घरी म्हणालास बघू, चार महिने बघूच चाललं होतं. माझी पेन्शन ती केवढी. मग मी सुजाताकडे गेले. माझी विद्यार्थिनी, तिचं स्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. तिला म्हटलं, गाडी विकायची जाहिरात मोबाइलवर टाक. तू जेवायला आलास तेव्हा तिने शेडमध्ये जाऊन फोटो काढले. मजकूर मी सांगितला: जुनी, दुर्मिळ, टर्बो इंजिनाची गाडी, चालू स्थितीत, विकणे आहे. तुला न विचारता केलं हे सगळं. चोरासारखं केलं.

आणि फोन आला तो नेमका मी अंघोळीला गेले तेव्हा. तू उचललास. मी बाहेर आले तर तू मोबाइल चुलीजवळ ठेवत होतास. "अक्काला इचारा," एवढंच तू त्या माणसाला म्हणालास. माझ्याकडे बघितलंस, पाना उचललास आणि गेलास.

तीन आठवडे, परशा. तीन आठवडे आपण दोघं एका घरात "भात लावू का" आणि "लाव" एवढंच बोललो. मी वाट बघत होते तू विचारशील म्हणून. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की तुझ्या छातीसाठी विकतेय रे, मला काय त्या पत्र्याचं वैर आहे? पण आपणहून सांगायला माझी जीभ उचलेना. बाईंनी काय म्हणून स्पष्टीकरण द्यायचं, असं वाटत होतं. त्या तीन रविवारी तू गाडी बाहेर काढली नाहीस. खिडकीत उभी राहून मी भाजी चिरायचे आणि शेडमध्ये काहीच आवाज नसायचा.

मग तो मंगळवार. तू ट्रकखाली गेलास आणि पाय बाहेर दिसत होते म्हणून ड्रायव्हर समोर बसून निवांत चहा पीत राहिला. त्याला वाटलं, मेस्त्री काम करतोय. त्यानेच मग मला बोलवायला माणूस धाडला. त्याचा काही दोष नाही. मीसुद्धा खिडकीतून तुझे पाय बघितले होते आणि मनात म्हटलं होतं, बरा पडून राहिलाय, बोलायला नको.

हे कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय.

तर पुण्याचा माणूस. जाहिरात बघून त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सांगायला हवं होतं की आता विकायची नाही, ज्याच्यासाठी विकत होते तोच राहिला नाही. पण तेवढं बोलायचे कष्ट नको वाटले म्हणून "या" म्हटलं. म्हटलं, येऊ दे, तोंडावर नाही म्हणू. तुझ्या माघारी ही गाडी विकून मी तुझ्याशी आणखी एकदा चोरी करणार नव्हते. शेडमध्ये गंजली तरी चालेल, इथल्या पावसात चार महिन्यांत बुरशी चढेल, उंदीर सीट खातील, खाऊ देत. हे मी पक्कं ठरवून बसले होते.

माणूस पन्नाशीचा, सभ्य. बूट काढून शेडमध्ये शिरला, मला ते आवडलं. अशा गाड्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात म्हणाला. खाली वाकून, झोपून, टॉर्च मारून सगळं बघितलं. मग त्या नळीशी थांबला.

"काकू, हे ओरिजिनल नाहीये."

"नाही. ते गुंदचं आहे," मी म्हटलं.

मी काही समजावलं नाही. मग तो आत बसला आणि कागदपत्रं बघायला समोरचा खण उघडला. त्यात पुस्तक होतं, जुनी पावती होती, आणि एक घडी घातलेला कागद होता. त्याने उघडला, दोन ओळी वाचल्या आणि मला दिला. "हे तुम्ही वाचा आधी," म्हणाला.

तुझं अक्षर. पेन्सिलीने, बिलाच्या पाठीमागे, शाई पसरते म्हणून तू सगळं पेन्सिलीनेच लिहायचास.

"गाडी घेणाऱ्यास रामराम. सकाळी चालू केल्यावर लगेच पळवू नये. पळवून आणल्यावर लगेच बंद करू नये. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस हे पाढे सावकाश म्हणून मग किल्ली फिरवावी. येत नसतील तर खाली लिहिले हाईत. हवेच्या नळीवर सायकलची ट्यूब हाय ती काढू नये, चांगली हाय. गाडीत दोष न्हाई. दोष माझ्या छातीत हाय म्हणून विकतोय. भाव अक्का सांगेल तो. तिच्याशी घासाघीस करू नये, ती शाळेतली बाई हाय."

तू ठरवलं होतंस. कशासाठी विकतेय ते तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तू मानलंही होतंस, घेणाऱ्याला चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवली होतीस. एवढं सगळं त्या बिलावर लिहिलंस, आणि शेजारच्या खोलीत मी झोपलेली असायचे, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मीही नाही बोलले. आपण दोघं एकाच आईची पोरं, परशा, दुसरं काय म्हणू? तीन आठवडे फुकट घालवले आपण.

मग मी काय केलं असेल? बाईच ती. खाली लिहिलेले पाढे तपासायला लागले. बोट ठेवून, एकेक ओळ. सत्तावीसचा बरोबर. अठ्ठावीसचा बरोबर. एकोणतीसचा. एकशे सोळा, एकशे पंचेचाळीस, एकशे चौऱ्याहत्तर. पुढे बोट न्यायला भीती वाटली.

दोनशे तीन.

खाडाखोड नाही. पहिल्या झटक्यात लिहिलेलं, ठळक. तुला येत होतं. कधीपासून येत होतं रे? बारा वर्षं दर रविवारी त्या गाडीत बसून तू मुद्दाम दोनशे चार म्हणत होतास, मी खिडकीतून ओरडावं म्हणून. आणि मला वाटायचं, मी तुला शिकवतेय. त्या पुण्याच्या माणसासमोर मी पदर तोंडाला लावून रडले. तो बिचारा गाडीतच बसून राहिला, उतरावं की नाही ते त्याला कळेना.

मी डोळे पुसले आणि भाव सांगितला. त्याने घासाघीस केली नाही. त्या पैशांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही, ज्यासाठी हवे होते ते संपलं. पण गाडी दिली, परशा. तू विकली होतीस, मी फक्त चावी दिली. सोमवारी येऊन नेणार आहे.

त्याआधी एकदा चालवून बघतो म्हणाला. "जा अनमोडपर्यंत," मी म्हटलं, "आणि आल्यावर चिठ्ठीत लिहिलंय तसं करा." "पाढे खरंच म्हणायचे?" त्याने विचारलं. "म्हणायचे," मी म्हटलं, शाळेतल्या आवाजात.

तो गेला. लांबवर ती शिट्टी ऐकू आली, फाट्यावर पंक्चरवाला उठून उभा राहिला. मी आत जाऊन त्याच्यासाठी चहा ठेवला. अर्ध्या तासाने गाडी दारात आली. इंजिन चालूच. त्याने काच खाली केली, चिठ्ठी हातात धरली आणि लाजत लाजत सुरू केलं. सत्तावीस एके सत्तावीस. पुण्याचे स्वच्छ उच्चार. अठ्ठावीसपर्यंत आवाज मोकळा झाला त्याचा. मी खिडकीत उभी, हातात गाळणं. एकोणतीस लागला. पंचे झालं, सक झालं, आणि मी ओरडायला श्वास भरून घेतला, तोंड आपोआप उघडलं.

"एकोणतीस सत्ते दोनशे तीन," तो म्हणाला आणि पुढे गेला.

मी तशीच उभी राहिले, उघड्या तोंडाने. ओरडायला काही उरलंच नव्हतं. त्याने दोनशे नव्वदपर्यंत म्हटलं, किल्ली फिरवली, आणि सगळं शांत झालं.

"बरोबर," मी म्हटलं. त्याला नाही. तुला, तम्मा. उभ्या जन्मात तुला एकदाही म्हटलं नव्हतं.